पांढरी, गुलाबी, चपटी

लेकीचे दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणून घरात सगळं निवांत चाललं होतं. आणि एका सकाळी जावयाचा फोन आला, की तिला हॉस्पिटलात हलवलंय, आईंना लगेच पाठवा. मग जी काही धांदल उडाली ती विचारू नका. काकूंनी बॅग भरली, ती बंद होईना. त्यातलं काहीबाही बाहेर काढलं, नेमकं नको तेच काढलं, म्हणून परत आत कोंबलं. हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच.

"अहो, इकडे बघा. गोळ्या फडताळात, निळ्या डब्यात आहेत. पांढरी आणि गुलाबी सकाळी. चपटी दोन्ही जेवणांबरोबर. मिठाची बरणी मी मुद्दाम वर ठेवलीये, खाली काढायची नाही. केळी बिलकूल नाहीत. आणि टोमॅटो..."

खाली टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला.

"टोमॅटोचं काय?" काकांनी विचारलं.

"फोनवर सांगते!" असं म्हणत काकू जिना उतरल्या, अर्ध्यातून परत वर आल्या, चष्मा घेतला आणि गेल्या. टोमॅटोचं राहिलं ते राहिलंच. आणखीही एक गोष्ट सांगायची राहिली होती, पण ते तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

काकांना सगळे किल्लीकाका म्हणायचे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, जेमतेम एक माणूस आणि एक खुर्ची मावेल एवढं. किल्ल्या बनवायच्या, कुलपं दुरुस्त करायची आणि कुणी स्वतःच्याच घराबाहेर अडकलं तर हत्यारांची पिशवी घेऊन धावायचं, हा त्यांचा धंदा. स्वभावाने माणूस अघळपघळ. काही वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की किडन्या निम्म्याहून कमी काम करतायत. बऱ्या होणार नाहीत, पण नीट सांभाळल्या तर पुष्कळ वर्षं साथ देतील. काकांनी ते ऐकलं आणि काकूंकडे पाहिलं. सांभाळायचं खातं त्या क्षणी काकूंकडे गेलं ते कायमचं.

तेव्हापासून काका फक्त हात पुढे करायचे. काकू तळहातावर गोळ्या ठेवायच्या, काका दुसऱ्या हाताने पेपर धरून त्या तोंडात टाकायचे. हॉस्पिटलात एक सिस्टर किडनीच्या पेशंटांची शिकवणी घ्यायच्या: आजार काय आहे, काय खायचं, प्रेशर घरी कसं मोजायचं, कधी धावत यायचं. काकूंनी काकांना नेमाने तिथे नेलं. काकू पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारायच्या आणि काका मागच्या भिंतीला टेकून छान डुलकी काढायचे. सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या, "काकू, किडन्या तुमच्या आहेत की काकांच्या?" सगळे हसले होते. काकाही हसले होते, जाग आल्यावर.

आता घरात काका आणि निळा डबा, दोघेच.

पहिल्या सकाळी त्यांनी डबा उघडला. आत गोळ्यांची पाकिटं रबराने बांधून ठेवलेली. पांढरी होती, गुलाबी होती, चपटीही होती. पण चपटीसुद्धा पांढरीच होती, आणि पांढरी काही अगदी गोल नव्हती. काकांनी दोन्ही खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केल्या. पाकिटावरची नावं वाचली. ती इतकी लांबलचक होती की शेवटापर्यंत जाईतो सुरुवात विसरायला व्हायची. शेवटी फडताळाच्या दाराला डकवलेली डॉक्टरांची चिठ्ठी काढली, नावं अक्षर अक्षर ताडून पाहिली आणि तिच्यात लिहिलं होतं तसं, बरहुकूम, एक पांढरी आणि एक गुलाबी घेतली. मोठी मोहीम फत्ते केल्यासारखं वाटलं त्यांना.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. नात झाली होती. आई आणि बाळ, दोघीही सुखरूप.

"गोळ्या घेताय ना?" काकूंनी विचारलं.

"अगदी चिठ्ठीप्रमाणे."

"बरं बाई," काकू म्हणाल्या, आणि मागे बाळाने टाहो फोडला तशी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. हा काकूंचा धाकटा भाऊ, बस चालवायचा, आणि जगातल्या झाडून सगळ्या विषयांवर त्याला सल्ला देता यायचा.

"दाजी, चेहरा का असा उतरलाय? पाणी कमी पडतंय तुम्हाला. किडनी म्हणजे काय, गाळणी! भरपूर पाणी ओता, सगळी घाण धुऊन निघते."

काकांना ते पटलं. त्या दिवशी ते पाणी पीत सुटले आणि दुकान सोडून सारखे समोरच्या हॉटेलात मोरीकडे पळत राहिले. हॉटेलवाल्याने कारण विचारलं, तर म्हणाला, "अहो, माझ्या मावशीला डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. किडनीवाल्याने जास्त प्यायचं नसतं!" झालं. पुढच्या दिवशी काकांनी पाणी जवळजवळ तोडलं. जीभ कोरडी पडली. बरं वाटायचं नाव नाही. मग थोडं प्यायले, मग वाटलं जास्त झालं, मग वाटलं कमी झालं.

खाण्याचीही तीच तऱ्हा. सफरचंद चालतं की नाही? बटाटा उकडून चालतो, असं काकू कुणालातरी सांगताना त्यांनी ऐकलं होतं. पण पाणी फेकायचं असतं की ते पाणीच प्यायचं असतं? फोन लावावा, तर तिकडे कधी बाळाची अंघोळ, कधी लेक नुकती झोपलेली. आधीच तिच्या मागे एवढं, आपण बटाट्यासाठी कुठे तिचा जीव खायचा, म्हणून ते फोन हातात घेऊन परत ठेवायचे. पाव आणि अंडं, अंडं आणि पाव, यावर त्यांचं चाललं होतं. अंडं चालतं का, हेही नक्की ठाऊक नव्हतं.

आणि एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. सकाळी गोळ्या घेऊन दुकानात गेलं की थोड्या वेळाने डोकं हलकं व्हायचं. खुर्चीतून उठलं की समोरची गल्ली क्षणभर पांढुरकी व्हायची, मग पुन्हा जागेवर यायची. काकांनी बराच विचार केला. पाण्याने होतंय की पाण्यावाचून? अंड्याने? लेकीच्या काळजीने? आपण तर सगळं बायको सांगून गेली तसंच करतोय. नव्हे, तिच्याहून काटेकोर करतोय, प्रत्येक गोळी चिठ्ठीशी ताडून घेतोय. मग बरं वाटायचं सोडून हे काय भलतंच?

मेहुण्याने यावरही तोड काढली. "अंग मोडून आलंय तुमचं, दाजी. ही माझी दुखण्याची गोळी घ्या. पाठीला लागते मला. एकदम रामबाण." काकांनी ती गोळी शर्टाच्या खिशात ठेवली. घ्यावी की नाही हे त्यांना काही केल्या ठरवता येईना, त्यामुळे ती खिशातच राहिली.

त्या आठवड्यात एका दुपारी दुकानाच्या वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई पायात घरातल्या सपाता, तशीच दुकानात धावत आली. वाऱ्याने दार लागलं होतं, किल्ली आत, आणि आत इस्त्री चालू. काकांनी पिशवी उचलली. जिना चढताना धाप लागली, पण दारासमोर उकिडवे बसले आणि हत्यार कुलपात घातलं तसं त्यांना जरा बरं वाटलं. निदान हे तरी कसं करायचं ते ठाऊक होतं. करपल्याचा वास यायला लागला होता. बाई मागे हात चोळत उभी. कुलपाने थोडे आढेवेढे घेतले आणि मग खट्‌कन आवाज झाला.

"झालं!" म्हणत काका मूठ धरून झटक्यात उठले.

भिंत तिरकी झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातली मूठ फिरली, दार आत उघडलं आणि दाराबरोबर काकाही आत गेले, ते थेट कापडांच्या ढिगाऱ्यावर जाऊन पालथे पडले. बाई किंचाळली. एक पाय काकांकडे आणि एक पाय इस्त्रीकडे, अशी तिची अवस्था.

"आधी इस्त्री!" कापडांतून आवाज आला.

ढिगारा मऊ होता म्हणून थोडक्यात निभावलं. पण बाईने हॉटेलवाल्याला हाक मारली, हॉटेलवाल्याने मेहुण्याला फोन केला आणि मेहुण्याने दाजींचं एक न ऐकता त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. निघताना काकांनी एक शहाणपणा केला, किंवा गोंधळात त्यांच्या हातून तो झाला: निळा डबा सोबत घेतला.

सिस्टरांनी आधी त्यांना बसवून प्रेशर मोजलं. मग उभं करून मोजलं. दुसऱ्या वेळी यंत्राकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी काकांना तिथल्या तिथे पलंगावर आडवं केलं. रक्त तपासायला पाठवलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"काका, कुठल्या गोळ्या घेता?"

"पांढरी, गुलाबी, चपटी."

"नावं?"

"नावं हिला ठाऊक."

"बरं. कशासाठी घेता?"

"किडनीसाठी."

"तिन्ही?"

काकांनी छताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. "तिन्ही वेगवेगळ्या कामाच्या असतात का?"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी एकेक पाकीट काकांच्या हातात दिलं. पांढरी प्रेशरची. गुलाबी अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी, पायांच्या सुजेसाठी. चपटी रक्तातला आम्लपणा कमी करणारी. "आता तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. काकांनी सांगितलं. गुलाबीशी अडखळले. पुन्हा सांगितलं.

"आणि पाणी किती पिता?"

"एक दिवस भरपूर आणि एक दिवस नाहीच."

"का?"

काकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा खिडकीबाहेर पाहू लागला.

"पाण्याचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा असतो," सिस्टर म्हणाल्या. "सूज किती, लघवी किती, त्यावर. कुणाच्या मावशीचं तुम्हाला लागू पडत नाही. तुमचं किती ते आज डॉक्टरांना विचारू. दुखण्याच्या गोळ्या वगैरे घेतल्या का? खरं सांगा."

काकांनी खिशातून गोळी काढून दाखवली. "घ्यावी की नाही ते ठरत नव्हतं."

"बरं झालं ठरलं नाही. ही किडनीला घातक. पुन्हा कुणाकडून घेऊ नका." मग त्या विचारात पडल्या. "पण पाण्याने थोडंफार होईल, प्रेशर एवढं खाली जायचं नाही. इतके महिने याच गोळ्या चालू आहेत आणि आत्ताच असं का? काकू गेल्यापासून काय बदललं?"

"काहीच नाही हो! उलट चिठ्ठीत लिहिलंय तस्सं घेतोय."

सिस्टर म्हणाल्या, "काकूंना फोन लावा. आवाज मोठा ठेवा."

फोन लागला. मागे बाळाचं रडणं. आधी सगळं ठीक आहे, घाबरू नका, हे सांगण्यातच बराच वेळ गेला. मग सिस्टरांनी सरळ विचारलं, "काकू, घरी असताना गोळ्या कशा देत होतात?"

पलीकडे बाळ तेवढं रडत होतं.

"गुलाबी एक," काकू म्हणाल्या. "चपटी दोनदा. आणि पांढरी..." त्या थांबल्या. "पांढरी अर्धी."

"अर्धी?" काका पलंगावर उठून बसू लागले, सिस्टरांनी त्यांना दाबून धरलं. "अर्धी म्हणजे काय?"

"अर्धी म्हणजे अर्धी! सुरीने कापून. अहो, मी सांगणार होते जाताना, तो मेला भोंगा वाजवत होता..."

"पण चिठ्ठीत तर एक लिहिलंय!"

"ठाऊक आहे मला काय लिहिलंय ते."

मग काकूंनी सगळं सांगितलं, रडत नाही आणि धड बोलतही नाही अशा आवाजात. पहिल्यांदा पांढरी सुरू झाली तेव्हा काकांना चक्कर आली होती. त्या घाबरल्या. डॉक्टरांना सांगायचं तर ते म्हणतील, घ्यावीच लागेल. म्हणून गुपचूप अर्धी केली. चक्कर थांबली. पुढच्या तपासणीत प्रेशर वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. काकूंनी तीही अर्धी केली.

"म्हणजे डॉक्टर वाढवत होते आणि तुम्ही कापत होतात," सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आणि आता काकांनी एकदम पूर्ण घेतली."

"मी यांना मारलंच असतं," काकू म्हणाल्या.

"नाही हो. पण चक्कर येते एवढं एक वाक्य त्या दिवशी सांगितलं असतं, तर डॉक्टरांनीच कमी करून दिली असती."

काका छताकडे पाहत पडून राहिले. त्यांच्या डोक्यात नुसता भुगा झाला होता. चिठ्ठी पाळली तर पडलो. बायकोने चिठ्ठी मोडली तेव्हा उभा होतो. मग बरोबर कोण? आणि इतके महिने आपल्या तळहातावर अर्धी गोळी पडत होती, ती आपल्याला दिसली कशी नाही?

संध्याकाळी डॉक्टर आले. रक्ताचा रिपोर्ट पूर्वीपेक्षा बिघडला होता. त्यांनी गुलाबी काही दिवस बंद केली, दिवसभराच्या पाण्याचं माप ठरवून दिलं आणि पांढरी निम्म्यावर आणली.

"म्हणजे अर्धी?" काकांनी विचारलं. "मग ही बरोबरच होती की!"

"होतीही असेल," डॉक्टर म्हणाले. "इथे तुम्ही जिने चढून, घाबरून येता, त्यामुळेही प्रेशर जास्त लागत असेल. घरचं खरं प्रेशर मला कधी कळलंच नाही. आता घरी मोजा, तुम्ही स्वतः. मग ठरवू."

हे उत्तर होतं की नव्हतं ते काकांना समजलं नाही. पण ते घरी गेले आणि मोजू लागले. यंत्राचा पट्टा दंडाला पहिल्यांदा उलटा बांधला, मग सैल, मग इतका घट्ट की बोटं निळी पडली. हळूहळू जमलं. सिस्टरांच्या पुढच्या शिकवणीला ते एकटेच गेले आणि पुढच्या खुर्चीत बसले. मागे कुणीतरी घोरत होतं. त्यांनी टोमॅटोचं विचारलं, बटाट्याचं विचारलं, अंड्याचं विचारलं. प्रत्येक उत्तर 'तुमच्या रिपोर्टवर अवलंबून' असं सुरू व्हायचं. पूर्वी निदान काहीच माहीत नसल्याचा निवांतपणा होता. आता थोडं माहीत झालं होतं आणि त्याने जिवाला घोर लागला होता. पुढचा रिपोर्ट बराच सुधारला, पण पूर्वीइतका नाही. उरलेली घसरण त्या दिवसांत प्रेशर फार खाली गेल्यामुळे की आजार आपसूक पुढे सरकला म्हणून, हे सिस्टरांनाही सांगता येईना.

काकू परत आल्या तेव्हा काकांनी दार उघडलं, बॅग घेतली, नातीचे फोटो पाहिले. गोळ्यांचा विषय कुणीच काढला नाही. चहा झाला. मग काकू कपबशीकडे पाहत म्हणाल्या, "तुम्हाला राग आलाय माझा."

"मला कळत नाहीये," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं. "मला विचारलं का नाहीस? गोळी माझी, चक्कर माझी."

"विचारून काय केलं असतंत? 'तू बघ' म्हणाला असतात."

काकांनी कप खाली ठेवून विचारलं, "पण चक्कर आली होती म्हणतेस, ती कधी? मला तर काही आठवत नाही."

"न्हाणीघरात पडला होतात ना."

"तेव्हा तर साबणावरून पाय घसरला होता. तूच सांगितलंस."

काकू म्हणाल्या, "साबण जागेवरच होता. तुम्ही उठलात आणि कोसळलात. मी हाका मारतेय आणि तुम्ही डोळे उघडेनात. तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते मी, ओल्या फरशीवर. किती वेळ कुणास ठाऊक. मग तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, 'पाय घसरला का माझा?' मी म्हटलं, हो."

काकांच्या आयुष्यातली एक सबंध दुपार त्यांना आत्ता पहिल्यांदा कळत होती.

"घाबरली होतीस?"

काकू उठल्या, बॅगेतले ओलसर कपडे काढले आणि गॅलरीत वाळत घालायला गेल्या. काका टेबलाचा आधार घेऊन, सिस्टरांनी शिकवलं होतं तसे सावकाश उठले, जरा थांबले आणि चिमट्यांची टोपली घेऊन तिच्यामागे गेले. ती कपडा झटकून दोरीवर टाकायची, ते चिमटा लावायचे.